पावसाळ्याआधी घरात औषधं कशी भरून ठेवावीत: सीमाभागातल्या घरांसाठी

घरात औषधांची पेटी करायची म्हटलं की बहुतेक लोक मेडिकलात येऊन आधी कापूस, बँडेज, डेटॉलची बाटली आणि सर्दीच्या गोळ्या मागतात. हे सगळं लागतंच. पण पाणी चढून रस्ता बंद झाल्यावर माणसं खरोखर कशानं अडतात ते पाहिलं, तर यादीचा क्रम बदलावा लागतो. आजीची बीपीची गोळी संपलेली असते. शुगरवाल्या काकांचं इन्सुलिन दोन दिवसांपुरतं उरलेलं असतं. फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्या पोराची पट्टी नेमकी कोल्हापूरच्याच दुकानात मिळणारी असते, आणि यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये असंच झालं. मी औषधाच्या दुकानात काम करतो. पुराच्या दिवसांत काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्या बघितल्या तर निम्म्याहून जास्त रोजच्या गोळ्यांच्याच असतात.

म्हणून ही तयारी घरातल्या माणसांपासून सुरू करायची. बँडेजची पाळी नंतर. पहिल्यांदाच पेटी करणाऱ्यांनी खालच्या क्रमानं गेलं तर महिना-दोन महिन्यांत काम होतं आणि एकदम खर्चही अंगावर येत नाही.

आधी ठरवा, तुमचा रस्ता किती दिवस बंद राहतो

सगळ्यांना एकच यादी चालत नाही. बेळगाव शहरात राहणाऱ्यांचा रस्ता दिवसभराच्या वर क्वचितच अडतो. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग या पट्ट्यात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा काठच्या गावांचं वेगळं असतं. कोल्हापूरकडे पाऊस वाढला की कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, मलिकवाड-दत्तवाड हे खालचे बंधारे-पूल पाण्याखाली जातात. इथं पाऊस नसला तरी जातात. फेरा मारून जाता येतं, पण दहा मिनिटांच्या वाटेला दीड-दोन तास लागतात आणि वडाप (शेअर जीप) बंद असतं. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडचा जंगलभाग, आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली ही गावं तर पावसाळाभर नाल्यांच्या भरवशावर असतात. नाला भरला की आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावर आणावं लागतं.

घरातल्या जाणत्यांना विचारा: २०१९ ला आपल्याकडे किती दिवस बाहेर पडता आलं नाही? २०२१ ला? त्यातला मोठा आकडा घ्या आणि त्यात पाच दिवस मिळवा. पाणी उतरलं तरी दुकानात माल लगेच येत नाही, म्हणून हे पाच दिवस. ज्यांना काहीच अंदाज नाही त्यांना मी असं सांगतो: शहरात आठ दिवस, नदीकाठी पंधरा दिवस, जंगलातल्या गावाला एक महिना. पुढचा सगळा हिशोब या एका आकड्यावर आहे.

घरातल्या माणसांची यादी करा

एक कागद घ्या. घरात रोज गोळी घेणारं जे जे माणूस आहे त्याचं नाव लिहा, समोर गोळीचं नाव, ताकद किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. गोळीचं नाव पट्टीवर जसं छापलंय तसं, इंग्रजीतच उतरवा. ‘सकाळी जेवणाआधी’, ‘रात्री झोपताना’ हे मात्र मराठीत लिहा. कागद दोघांना वाचता आला पाहिजे: घरात गोळी काढून देणाऱ्या सुनेला आणि गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत, तपासायला आलेल्या कन्नड डॉक्टरांना.

आणि इथं आपल्या भागाची एक खास अडचण आहे. आपल्यातल्या पुष्कळांचे डॉक्टर कोल्हापूर, मिरज किंवा गडहिंग्लजला असतात. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या कंपनीची गोळी चिकोडी किंवा हुक्केरीच्या दुकानात असेलच असं नाही. नाव नाही म्हटल्यावर माणूस परत जातो. तीच गोळी दुसऱ्या कंपनीची शेजारच्या खणात पडलेली असते. म्हणून पट्टीवर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत जे घटकाचं नाव असतं, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन असं, तेसुद्धा उतरवून घ्या. या नावावर कुठल्याही गावात औषध शोधता येतं आणि जनऔषधी केंद्रात ते पुष्कळ स्वस्त मिळतं. फिट्सच्या गोळ्या, थायरॉईडच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

यादी झाली की कुठलं औषध एक दिवससुद्धा चुकून चालत नाही त्यावर लाल खूण करा. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्यांची किंवा स्टेंट घातलेल्यांची रक्त पातळ ठेवणारी गोळी, बरेच महिने चालू असलेलं स्टिरॉईड, टीबीच्या गोळ्या, एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या एचआयव्हीच्या गोळ्या. ही सगळी लाल. फिट्सची गोळी अचानक बंद झाली तर आकडी येते, आणि ती एकापाठोपाठ एक येत राहिली तर जीवावर बेततं. बीपीच्या गोळ्याही या खुणेच्या अगदी जवळच्या. काही गोळ्या एकदम सोडल्या की बीपी उसळतं. याउलट थायरॉईडची गोळी दोन दिवस चुकली तर लगेच काही बिघडत नाही. व्हिटॅमिन, कॅल्शियम शेवटी. पैसे कमी असतील तर लाल खुणेपासून खरेदी करायची, हे डोक्यात पक्कं असू द्या.

टीबी आणि एआरटीची औषधं सरकारी केंद्रातून मिळतात. ती बाहेर शोधत बसू नका. मे महिन्यातच आशाताईंना किंवा केंद्रातल्या माणसाला सांगा की आमचं गाव पावसात तुटतं, जास्तीचा साठा द्या. कारण सांगितलं तर देतात. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तिथंही हेच सांगायचं.

विकत घेणाऱ्यांनी एकदम तीन महिन्यांचा ढीग आणायची गरज नाही. मार्चपासून दर महिन्याला नेहमीच्या औषधासोबत एक पट्टी जास्त घ्या. जूनपर्यंत तीन-चार पट्ट्या बाजूला पडतात. या पट्ट्या पेटीत ठेवून विसरायच्या नाहीत. नवीन पट्टी आली की ती पेटीत जाते आणि पेटीतली जुनी वापरायला बाहेर येते. असं फिरतं ठेवलं तर औषध कधी मुदतीबाहेर जात नाही.

पट्टी घेताना एक गोष्ट जरूर बघा. दुकानदार अर्धी पट्टी कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख पट्टीच्या एकाच टोकाला असते, आणि बहुतेक वेळा ते टोक दुकानात राहतं. घरी आलेल्या तुकड्यावर ना तारीख, ना कधी कधी पूर्ण नाव. साठ्यासाठी घेताना पूर्ण पट्टीच घ्या. तुकडाच घ्यावा लागला तर तारखेचं टोक मागून घ्या, किंवा कापायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि घरी आल्यावर तुकड्याला कागदाची चिठ्ठी स्टेपल करा. मुदत महिना आणि वर्ष अशी छापलेली असते. ‘जुलै’ लिहिलं असेल तर ३१ जुलैपर्यंत औषध चालतं.

चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत अशी औषधं बरीच आहेत आणि तो नियम बरोबर आहे. डॉक्टरांना भेटाल तेव्हाच सांगा की पावसाळ्यासाठी जास्तीचा महिना लिहून द्या. सहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर साठा करू नका. मधे डोस बदललेला असतो आणि पेटीत जुनाच भरला जातो.

इन्सुलिनबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते, म्हणून जरा सविस्तर. न उघडलेली बाटली किंवा पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रीजच्या दारात किंवा मागच्या भिंतीला चिकटून ठेवू नये, हे कमी लोकांना माहीत आहे. दारात गरम-गार होत राहतं, मागे गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. हेस्कॉमची वीज दोन दिवस गेली तर? जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा मुळात गार असते. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या खाली, उन्हापासून दूर, चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं. तुमच्या डब्यावर किती दिवस लिहिलेत ते बघून घ्या. बाहेर काढल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि शांत राहा. वीज गेली म्हणून बर्फाच्या पिशवीत घालून गोठवलेल्या बाटल्या मी पाहिल्यात. ते करू नका. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिन आणि वरून ओलं फडकं, असं केलं की चांगला गारवा राहतो. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि त्याचा सेल यांचाही तेवढ्याच दिवसांचा साठा हवा. गुळाचा खडा किंवा साखर पेटीतच ठेवा. जेवणाची वेळ चुकली आणि शुगर उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर ती लगेच तोंडात जायला हवी.

दम्याच्या माणसाला निळ्या पंपाचा एक नवा, न उघडलेला डबा जास्तीचा. पुराच्या ओलीनं, बुरशीनं दमा उठतो.

दोन माणसांसाठी साठ्याचा उपयोग नाही: डायलिसिसवर असलेला रुग्ण आणि दिवस भरत आलेली बाई. यांना पाणी चढायच्या आधी गावाबाहेर हलवावं लागतं. आठवा महिना लागला आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल, तर बेळगाव, निपाणी, खानापूर, जिथं दवाखाना जवळ आहे तिथल्या पाहुण्यांशी आधीच बोलून ठेवा. पै-पाहुण्यांचा उपयोग अशाच वेळी.

जुलाब आणि ताप

पुरानंतर विहिरी, बोअर, नळ सगळं गढूळ होतं. पाण्याबरोबर जुलाब येतात. लहान मूल आणि म्हातारं माणूस जुलाबांनी एका दिवसात कोमेजतं. याचं औषध सगळ्यात स्वस्त आहे, ते म्हणजे ओआरएस. माणशी किमान चार मोठी पाकिटं धरा, लहान मूल असेल तर जास्त.

पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलंय का आणि एक लिटरसाठी आहे का, ते बघा. रंगीत डब्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. त्यातल्या जास्त साखरेनं जुलाब वाढतात. घरातलं एक लिटरचं भांडं किंवा पाण्याची बाटली आधीच ठरवून ठेवा. अख्खं पाकीट एकदम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अर्ध्या ग्लासात चिमूट-चिमूट टाकून देणं चुकीचं आहे, क्षारांचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. आईचं दूध बंद करायचं नाही. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. हे प्रमाण पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. मीठ जास्त झालं तर धोका असतो, म्हणून अंदाजानं करू नका.

मुलांसाठी झिंकच्या गोळ्याही ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही मोफत मिळतं. जुलाब ‘बांधणाऱ्या’ गोळ्या मुलांना देऊ नका. मूल पाणी पीत नसेल, गळून पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तास लघवी नसेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर वाट कशीही असो, दवाखाना गाठायचा.

पाण्यासाठी सरपण किंवा गॅस असेल तर उकळणं सगळ्यात चांगलं. खळखळ उकळी एक मिनिट तरी राहू द्या. पाणी गढूळ असेल तर आधी जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरी फडक्यातून गाळा. क्लोरिनच्या गोळ्या ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्य केंद्रातून मिळतात. पाकिटावर किती लिटरला एक ते लिहिलेलं असतं, आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

तापाला घरात एकच औषध ठेवा: पॅरासिटामॉल. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा) असू शकतो. अशा वेळी डायक्लोफेनाक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. मोठ्या माणसाला ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असलेल्यांनी किंवा रोज दारू घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून याहून कमी.

मुलांच्या सिरपकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. एकाच कंपनीचं सिरप दोन-तीन ताकदींत येतं. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. तान्ह्यांचे थेंब तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. शेजारणीच्या मुलाला ‘एक टोपण’ दिलं म्हणून आपल्याही मुलाला एक टोपण दिलं, तर डोस दुप्पट होऊ शकतो, निम्माही होऊ शकतो. डोस वजनावर ठरतो, किलोमागे एका वेळी साधारण १५ मिलिग्रॅम. मे महिन्यात डॉक्टरांकडे मुलाचं वजन करून, याच बाटलीतलं किती मिलिलिटर द्यायचं ते विचारा आणि बाटलीवर मार्कर पेननं लिहून ठेवा: ‘सोनूला ६ मिलि, सहा तासांनी, दिवसात चारदाच’. घरातला चमचा वापरायचा नाही, बाटलीसोबतचं मापच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, दवाखान्यात न्या. ताप मोजायला डिजिटल थर्मामीटर आणि त्याचा एक जादा सेल.

सर्दी-खाज-पित्त उठलं तर सेट्रिझिन, एक पट्टी. छातीत जळजळ होणाऱ्यांसाठी त्यांची नेहमीची गोळी. एवढं पुरे.

जखमा आणि भाजणं

याची यादी लहान: निर्जंतुक गॉजची पाकिटं दहा, चार आणि सहा इंची रोलर बँडेज, एक क्रेप बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, कात्री, चिमटा, साबण. कापूस जखमेवर थेट ठेवू नका, धागे चिकटतात. जखम आधी स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुणं हेच निम्मं काम. रक्त वाहत असेल तर फडक्यानं दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. पुराच्या पाण्यात पत्रा लागला, खिळा गेला तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. शेतात काम करणाऱ्यांनी पावसाळ्याआधीच आरोग्य केंद्रात जाऊन ते घेतलं तर उत्तम.

साप आणि कुत्रं

पाणी चढलं की साप माणसाच्या जागेत येतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. पहाटे डोळे जड होतात, बोलणं अडखळतं, तेव्हा कळतं. म्हणून औषधाच्या यादीत मच्छरदाणी आणि बॅटरी या दोन वस्तू मी मुद्दाम घालतो. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचायची.

सर्पदंशावर घरी ठेवायचं औषध नाही. विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच, शिरेतून द्यावं लागतं, आणि ते देताना कधी उलट रिॲक्शन येते, तिची तयारी लागते. तुम्ही आधी करायचं काम म्हणजे चौकशी: आपल्या गावापासून जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन असतं, आणि रात्री तिथं डॉक्टर असतात का? जूनच्या आधी स्वतः जाऊन विचारा. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद दवाखान्यांना बंधनकारक केली आहे, आणि सरकारी दवाखान्यात हे उपचार मोफत आहेत. गंभीर रुग्ण बेळगावला बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

चावल्यावर अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा, सूज येते. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. माणसाला चालवू नका. दोरीनं करकचून बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं ओढणं, मंत्रासाठी देवळात नेणं, यातलं काहीही नाही. वेळ लिहून ठेवा.

कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, हळद-चुना-मिरची लावू नका, आणि त्याच दिवशी लस सुरू करा. पुढच्या लसींच्या तारखा पुरामुळे चुकू नयेत म्हणून त्या पेटीतल्या कागदावर लिहा.

पेटीत काय ठेवू नये

उरलेली अँटिबायोटिकं. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती औषधं डॉक्टरांशिवाय घ्यायची नाहीत. पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन देतात, पण कुणाला किती हे आरोग्य खात्याची माणसं ठरवतात. गर्भवतींना आणि लहान मुलांना ते चालत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइडवर २०११ पासून बंदी आहे, ते घरात नकोच. शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळीही ‘असू दे’ म्हणून आणून ठेवू नका. बीपी आधीच उतरलेल्या माणसाला ती दिली तर तो कोसळतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी छातीत दुखलं तर काय घ्यायचं हे स्वतःच्या डॉक्टरांकडून लिहून आणावं.

कुठे ठेवायचं

खानापूरच्या पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथं गोळ्याही ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा डबा, आत प्रत्येक माणसाची वेगळी झिप-पिशवी, आणि नव्या चपला-बॅगांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. स्वयंपाकघरात चुलीजवळ, फ्रीजवर, खिडकीत ठेवायचं नाही.

नदीकाठच्या घरांनी २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते बघावं आणि डबा त्याच्या वर, माळ्यावर ठेवावा. मी तर म्हणेन, मुलांचं एक जुनं दप्तर घ्या आणि डबा त्यातच ठेवा. घर सोडायची वेळ आली तर ते पाठीवर टाकून निघता येतं, दोन्ही हात मोकळे राहतात. त्याच दप्तरात चष्म्याचा जुना जोड, सॅनिटरी पॅड, म्हाताऱ्यांचे डायपर, बॅटरी. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही एवढं उंच, पण घरातल्या दोघांना तरी जागा माहीत हवी.

कागद आणि फोन

प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद: प्रत्येकाचं नाव, वय, आजार, रोजची औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. सोबत रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्डाच्या झेरॉक्स, शेवटची चिठ्ठी. याचा फोटो बाहेरगावच्या एका नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२, आरोग्याच्या सल्ल्याला १०४. सीमेवर राहतो आपण, त्यामुळे फोन लागल्यावर पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका, गाव आणि जवळची ठळक खूण सांगा. पलीकडचा माणूस कन्नडच बोलणारा असेल तर एवढी चार वाक्यं कागदावर लिहून ठेवा: ‘हावु कच्चिदे’ साप चावला, ‘एदे नोवु’ छातीत दुखतंय, ‘उसिराट तोंदरे’ श्वास लागतोय, ‘हेरिगे नोवु’ बाळंतपणाच्या कळा. गाडी गावापर्यंत येणार नसेल तर नाल्याच्या अलीकडे कुठे थांबणार ते फोनवरच ठरवा. गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा आणि आशाताईंचा नंबर याच कागदावर.

वर्षातून दोनदा उघडा

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा डबा अंथरुणावर ओता. मुदत संपत आलेलं बाजूला काढा, फुगलेली किंवा डाग पडलेली गोळी, तळाशी साका बसलेलं सिरप टाका. पुराच्या पाण्यात भिजलेलं कुठलंही औषध, पट्टी वरून कोरडी दिसली तरी, वापरू नका. टाकायची औषधं उकिरड्यावर किंवा नदीत नकोत, गुरं-पोरं उचलतात. गोळ्या पट्टीतून काढून राखेत किंवा मातीत कालवा, बंद पिशवीत घालून कचऱ्यात द्या. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, झाकण लावून आरोग्य केंद्रात नेऊन द्या. मग मुलांचं वजन पुन्हा करून सिरपच्या बाटलीवरचा आकडा बदला, कारण जूनमध्ये लिहिलेला डोस दिवाळीपर्यंत जुना झालेला असतो.